तेल वाढणारी जीप

सत्तरी ओलांडलेल्या माणसाला लोक पारावर बसवतात, देवळात बसवतात, फार तर लग्नात अक्षता वाटायला बसवतात. मला पुंजाच्या घरच्यांनी जीप ढकलायला ठेवलं होतं.

ठेवलं होतं म्हणजे पगारी नव्हे. पुंजा माझा शेजारी, बांधाला बांध. त्याचा झेंडू आणि माझी कोथिंबीर एकाच जीपमधून गिरणारे गावाच्या वाटेनं नाशकाच्या बाजारात जायची. पुंजा गेला तरी ही पद्धत चालू राहिली. फरक इतकाच की तो असताना मी पुढच्या सीटवर बसून थापा मारायचो आणि तो गेल्यावर गाडीच्या मागं उभा राहून खांदा मारायला लागलो. ही अठ्ठ्याण्णव सालच्या आसपासची गोष्ट. गंगापूर रोडला तेव्हा नवे बंगले आमच्या मेथीपेक्षा जोमानं उगवत होते.

जीप पेट्रोलची, फार जुनी. पुंजा म्हणायचा, लष्कराच्या लिलावातली आहे. मी म्हणायचो, असेल, पण शत्रूच्या लष्कराची. म्हणून तर असा सूड घेते. पेट्रोल तर इतकी प्यायची, की ती नुसती रस्त्यानं गेली तरी शेजारून जाणाऱ्या स्कूटरींच्या टाक्या रिकाम्या होत. ह्यातलं शेवटचं वाक्य तेवढं मी थोडं वाढवून सांगितलंय.

तर रोज पहाटे माल भरायचा, त्यावर ओलं पोतं टाकायचं, आणि निघायचं. गार हवेत जीप शहाण्या बैलासारखी चालायची. गंगापूर गाव यायच्या अलीकडं एक चढ आहे आणि चढावर चिंच. तिथवर इंजिन तापलेलं असायचं. चढाला लागली की जीप आचके द्यायची, एक, अजून एक, आणि बरोबर चिंचेखाली मान टाकायची.

पुंजाचा मुलगा देवराम स्टिअरिंगवर कपाळ टेकायचा. चाळिशीतला माणूस, पण त्या वर्षात साठीचा दिसायला लागला होता. कपाळ न उचलताच म्हणायचा, "काका, उतरा."

मी उतरायचो. मागं फुलांच्या गोण्यांवर बसलेली पुंजाची बायको कुसाबाई, ती पण उतरायची. मी ढकलायचो, देवराम ढकलायचा, गाडी काही चालू व्हायची नाही. मग कुसावहिनी कनवटीची अगरबत्ती काढायच्या, चिंचेखालच्या दगडावर नारळ फोडायच्या, जीपच्या पाया पडायच्या आणि म्हणायच्या, "चला आता, पुरं झालं." तोवर अर्धा-पाऊण तास गेलेला असे. देवरामनं चावी फिरवली की जीप सुरू.

झालं! दुसऱ्या दिवशी पुन्हा नारळ.

आता तुम्ही म्हणाल, गाडी मेकॅनिकला का दाखवली नाही. सांगतो. त्याला कारण कावळा.

त्याच्या आदल्या चैत्रात पुंजा गेला. दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. रामकुंडावरचे कावळे म्हणजे रोज पंगत झोडणारे, भात बघून तोंड फिरवणारे. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघायला लागले. सगळ्यांनी हात जोडून वचनं दिली. नातीचं लग्न थाटात करू म्हणून झालं. विहिरीचं काम पुरं करू म्हणून झालं. भावकीतलं भांडण मिटवू, हेसुद्धा झालं, आणि ते ऐकून तर जवळ आलेला एक कावळाही उडून गेला. शेवटी कुसावहिनी पुढं झाल्या. म्हणाल्या, "तुमची जीप इकणार नाय. घरचाच माणूस चालवंल, घरचाच दुरुस्त करंल. तिच्या इंजिनाला परक्याचा हात लागू देणार नाय."

आणि कावळा आला. शेजारच्या पिंडावरून कुणीतरी त्याला हुसकावलं होतं, म्हणून तो आमच्याकडं वळला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पण ते सांगणार कुणाला? त्या क्षणाला सगळा घाट रडत होता.

तेव्हापासून जीपला परका हात वर्ज्य. गंगापूर रोडवर वाल्मीकचं गॅरेज होतं. जीप तिथं न्यायची, बोनेट उघडायचं, आणि वाल्मीकनं दोन्ही हात पाठीमागं धरून उभं राहायचं. बोलायचा तो, काम करायचा देवराम.

"डावीकडला पाना घ्या. तो नाय, त्याच्या बाजूचा. अहो, तो पाना नाय, पकड हे ती! देवरामभाऊ, मला एक बोट लावू द्या, नुसतं करंगळीचं."

"आई बघते," देवराम खालच्या आवाजात म्हणायचा.

कुसावहिनी समोर खुर्ची टाकून बसलेल्या. करंगळीसुद्धा परकीच.

अशा रीतीनं प्लग बदलले, कॉइल बदलली, पॉइंट घासले. गाडी चिंचेखाली थांबायची ती थांबतच राहिली. मग वाल्मीक म्हणाला, आता एसी पंप उघडून बघू. एसी पंप म्हणजे थंड हवेचा नव्हे. टाकीतलं पेट्रोल ओढून वर कार्बोरेटरला पोचवणारा पंप, मेकॅनिक लोक त्याला तसं म्हणतात. इंजिनाच्या कुशीला चिकटलेला, वाटीएवढा. आत एक पातळ पडदा असतो, तो वरखाली होतो आणि पेट्रोल ओढतो. आईच्या अंगाला लेकरू लुचतं ना, तसं.

पण पंपाचं नाव काढलं आणि कुसावहिनी खुर्चीतून उठल्या. "त्याला हात लावायचा नाय. तो ह्यांनी सोता खोलला, सोता बसवला, अन् पुढल्या महिन्यात गेले. ही तार बघा. ही गाठ ह्यांची हे."

खरंच होतं. पंपाच्या एका स्क्रूचा आटा गेला होता, म्हणून पुंजानं वरून तार आवळून गाठ मारली होती. पुंजाची गाठ मी ओळखत होतो. त्यानं बांधलेली म्हैस मेल्यावरच सुटायची.

वाल्मीकनं हात आणखी घट्ट मागं बांधले आणि विषय संपला.

ह्या सगळ्यात एक चमत्कारही चालू होता. देवराम दर आठवड्याला इंजिनातली तेलाची पट्टी काढून बघायचा. जुन्या गाडीचं तेल कमी होतं, हे पोराटोरालाही ठाऊक. ह्या जीपचं तेल वाढत होतं. खुणेच्या वर गेलं, मग आणखी वर. थेंब घातला नसताना!

"बाबांची बरकत हे," देवराम म्हणाला. तोवर त्या वर्षात त्याला हसताना मी एकदाही पाहिलं नव्हतं.

बातमी पसरली. बायका बोनेटला हळदकुंकू लावून जायला लागल्या. कुसावहिनींची जाऊ भागुबाई वाटी घेऊन आली, पट्टीवरचे चार थेंब गुडघ्याला चोळून बसली आणि म्हणाली, "बाई गं, काय गार वाटतंय! डॉक्टरच्या मलमानं इतकं गार नाय वाटलं कधी."

गार वाटणारच. मी वाटी नाकाजवळ नेली. अर्धं तेल, अर्धं पेट्रोल. पंपाचा पडदा फाटला होता. निम्मं पेट्रोल वर जायच्या ऐवजी खाली इंजिनाच्या चेंबरमध्ये उतरत होतं. तेल वाढत नव्हतं, पातळ होत होतं. पाण्यासारख्या तेलावर इंजिन किती दिवस काढणार? आतून टकटक यायला लागलीच होती. आणि कुसावहिनी त्याच्याजवळ अगरबत्ती पेटवत होत्या.

दुसऱ्या दिवशी चिंचेखाली मी आधी अगरबत्ती चिंचेच्या पलीकडं नेऊन ठेवायला लावली. मग देवरामला म्हणालो, "कार्बोरेटरला जाणारी नळी सोड. चावी बंद ठेव अन् पुढून हॅंडल मार."

त्यानं हॅंडल मारलं. धडधाकट पंप असता तर पेट्रोलची चिळकांडी उडाली असती. इथं नळीच्या तोंडाशी एक थेंब आला, लोंबला, विचार केला आणि पडला. आटलेल्या शेळीला पिळल्यासारखं.

"बघितलंस? पंप गेलाय. चढावर इंजिनाला जास्त लागतं, तो पुरवू शकत नाही. त्यात तापला की जी काही ताकद आहे तीही जाते. अर्ध्या तासानं निवतो, म्हणून गाडी सुरू होते. नारळानं नाही. अन् तुझ्या बाबाची बरकत म्हणजे फाटक्या पडद्यातून गळणारं पेट्रोल आहे."

देवराम नळी हातात धरून उभा. त्याला पटलं होतं. डोळ्यांत दिसत होतं. पण त्यानं आईकडं पाहिलं.

कुसावहिनी शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, ओझरच्या तळावरचं इमान तुमच्या कोथिंबिरीच्या वासानं खाली आलं अन् पायलटनं हात बाहेर काढून तुमचा फेटा उचलला, हे तुम्हीच सांगितलं व्हतं ना?"

"ते वेगळं."

"वढ्यावर पाणी प्यायला इमानं येत्यात, हे पण तुम्हीच."

आयुष्यभर पेरलं ते उगवलं. खरं सांगायची वेळ आली तेव्हा माझ्या तोंडाला गिऱ्हाईक नव्हतं.

पण त्या दिवशी बाजारातून येताना वहिनींनी मनातलं सांगितलं. वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. रामकुंडावर जायचं, ते ह्याच जीपमधून आणि मधे कुठं न थांबता. "चिंचेपाशी थांबली, तर मी समजंल ह्यांचा जीव अजून तिथंच अडकलाय. मग वरीस झालं तरी मी त्यांना सोडवलं नाय असंच झालं." त्या बाहेर बघत बोलत होत्या. "दमले मी, भाऊजी. रोज त्यांना म्हणते, चला आता. किती दिवस म्हणू?"

देवरामनं गिअर बदलला. दमलेला तोही होता. वचन आईनं दिलं होतं आणि त्याच्या मानेवर बसलं होतं.

मी हिशेब घातला. ह्या तेलावर जीप श्राद्धापर्यंत टिकणार नाही, आणि टिकली तरी चिंच ओलांडणार नाही. पंप उघडल्याशिवाय इलाज नव्हता. खरं बोलून झालं होतं. आता माझ्या हातचं जे होतं तेच करायचं राहिलं.

सकाळी मी त्यांच्या ओट्यावर गेलो. वहिनी शेवंती ओवत होत्या.

"वहिनी, पुंजा आला होता सपनात."

सुई थांबली. "काय म्हणले?"

"काही नाही. छातीला हात लावून उभा. मी विचारलं, दुखतंय का रे? तर म्हणाला, रावजी, पडदा फाटलाय. कुशीला सांग, उघड म्हणावं. मी मारलेली गाठ तिनंच सोडावी." इथवर थाप बेतशीर होती. पण भाजी झाल्यावर वरून कोथिंबीर टाकल्याशिवाय मला राहवत नाही. म्हणून म्हणालो, "अन् म्हणाला, तिचंच काहीतरी आत राहिलंय."

वहिनींनी माझ्याकडं रोखून पाहिलं. मला वाटलं, आता इमान काढणार.

"कुशी म्हणले?"

"हो."

पुंजानं चारचौघांत बायकोला कधी नावानं हाक मारली नव्हती. पण बांधाला बांध असला की माणसाला बरंच ऐकू येतं.

त्यांनी ओवलेली माळ बाजूला ठेवली. "देवराम, गाडी काढ."

गॅरेजमध्ये वाल्मीकनं सवयीनं हात मागं बांधले. वहिनी खुर्चीवर बसल्या नाहीत. पदर खोचला, वाकल्या, आणि तारेची गाठ सोडायला लागल्या. सुटेना. नखं लागली, बोट फाटलं. "मेल्यावर पण हट्ट सोडत नाय हा माणूस," असं पुटपुटल्या. शेवटी गाठ सुटली. ती तार त्यांनी नीट गुंडाळून कनवटीला लावली.

मग देवरामनं पंप काढला, स्क्रू काढले. वाल्मीक लांबून म्हणाला, "आता दोन्ही वाट्या अलग करा. हळू."

वाट्या अलग झाल्या. आत पडदा होता. काळा असतो एरवी, मेणकापडासारखा. हा लाल होता. गोल कापलेला, फुगलेला, मधोमध चिरलेला. पण लाल. एका बाजूला बारीक सोनेरी फुलाची पाकळी छापलेली.

कुसावहिनींनी तो हातात घेतला. पुसला. उजेडाला धरला. त्यांचं माहेर सटाण्याचं. राग आला की त्या माहेरच्या बोलीत जायच्या.

"ही तं मनी पिशवी शे!"

मनी म्हणजे माझी. मला आठवलं. त्यांच्या भावानं सटाण्याहून एक लाल रेक्झिनची पिशवी आणली होती, वर सोनेरी फुलं. वहिनी ती फक्त लग्नकार्यात काढायच्या. एक दिवस बघतात तर तळाला भोक, टाकीच्या झाकणासारखं गोल. पुंजानं गळ्याची शपथ घेऊन सांगितलं होतं, उंदरानं कुरतडली. मी तेव्हाच विचारलं होतं, ह्या उंदराकडं कंपास आहे का? पण माझं कोण ऐकतं! वहिनींनी उंदराचा दोष भागुबाईच्या कणगीवर ठेवला आणि जावाजावांचं बोलणं सहा महिने बंद होतं.

"उंदीर म्हणला व्हता," त्या म्हणाल्या. "माझ्या गळ्याला हात लावून म्हणला व्हता, उंदीर."

वाल्मीक अदबीनं म्हणाला, "मावशी, रेक्झिन पेट्रोलमधी टिकत नाय. इतकं टिकलं हेच खूप."

वहिनी तिथं पडलेल्या टायरवर बसल्या. आधी खांदे हलायला लागले. देवराम घाबरून पुढं झाला, रडतेय समजून. रडतही होत्या, पण हसणं त्याच्या वर होतं. "वरीसभर! वरीसभर पाया पडले मी माझ्याच पिशवीच्या! नारळ फोडले!"

देवराम आईच्या शेजारी खाली बसला, तेलकट फरशीवर. आणि तोही हसायला लागला. पार थकून गेलेली माणसं हसतात तसं, आवाज न करता.

मी मात्र दाराला धरून उभा होतो. तिचंच काहीतरी आत राहिलंय, हे मी बोललो होतो. नुसतं वरून भुरभुरवलं होतं. इतकी वर्षं इतक्या थापा मारल्या, एकीनंही असा विश्वासघात केला नव्हता. तेव्हापासून मी विमानांकडं जरा जपूनच बघतो.

वाल्मीकनं कप्प्यातून नवा पडदा दिला. देवरामनं बसवला. चेंबरचं तेल खाली सोडलं तर चहासारखं पातळ निघालं. भागुबाईनं वाटीभर तरी ठेवा म्हणून निरोप धाडला होता, तो आम्ही विसरलो. नवं तेल भरलं. नळी सोडून हॅंडल मारलं तेव्हा पेट्रोलची चिळकांडी वाल्मीकच्या सदऱ्यावर उडाली, आणि हात मागं असल्यामुळं त्याला ती अडवताही आली नाही.

श्राद्धाच्या दिवशी सकाळी निघालो. चढ लागला. देवरामचे हात स्टिअरिंगवर पांढरे पडले. चिंच आली. जीप घुरघुरली, चढली, आणि चिंच मागं गेली. वहिनींनी वळून बघितलं नाही.

रामकुंडावर पिंड ठेवला आणि भटजींनी पाणी सोडायच्या आत कावळा येऊन बसला. कुणी हुसकावलं वगैरे काही नाही. मी चांगलं बघितलं. वहिनींनी कसलं वचन दिलं नाही. नुसतं म्हणाल्या, "जा आता. लबाड कुठले."

परतताना चिंच दिसली तशी त्या म्हणाल्या, "देवराम, थांबव."

"आई, चालतेय ना चांगली."

"थांबव."

चालती जीप तिथं थांबवायची सवय त्याला नव्हती; ब्रेक जरा जोरातच लागला. वहिनी उतरल्या. अगरबत्ती काढली नाही. चिंचेखाली नारळाच्या करवंट्यांचा ढीग पडला होता. त्याच्याकडं बघत बसल्या. ऊन तापलं होतं, जीपचं इंजिन सावलीत टिकटिक करत निवत होतं.

"वाल्मीकला सांग," त्या थोड्या वेळानं म्हणाल्या, "हात मागं बांधून उभं ऱ्हायचं काम नाय आता. त्याला येतंय ते त्यालाच करू दे. तू घरी झोप जरा."

देवरामनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं, पण ह्या वेळी मला "उतरा" म्हणाला नाही. तसाच डोळे मिटून राहिला.

मग त्यांनी बोनेट उघडायला लावलं. तेलाची पट्टी स्वतः काढली, पदरानं पुसली, पुन्हा घालून काढली. तेल खुणेवर होतं. जिथं भरलं होतं तिथंच.

"आता वाढायचं नाय?"

"नाही, वहिनी."

"बरं." त्यांनी पट्टी परत खोचली. जरा विचार करून म्हणाल्या, "भाऊजी, हे पुन्हा सपनात आले तर एक इचारा. त्या पिशवीचा बंद पण गायब हे. तो कुठं घातला?"

मी उघड्या बोनेटखाली पाहिलं. सगळीकडं काहीतरी कशानं तरी बांधलेलं होतं. पुढचं काही उघडून बघायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

"विचारतो," म्हणालो, आणि पुढच्या सीटवर चढून बसलो.